राग, रुसवा आणि गट्टी : लहानांसाठी चित्रपुस्तकं सुचवा

पानगळ

नमस्कार मंडळी,

लेक साडेचार वर्षांची आहे. सध्या तिच्या जगात दोनच बातम्या असतात : आज कोणाशी गट्टी आणि कोणाशी कट्टी. सकाळची जिवाभावाची मैत्रीण दुपारपर्यंत 'ती माझी कोणीच नाही' झालेली असते. राग आला की आधी गप्प, मग फुगलेले गाल, मग एकदम भोकाड. काय झालं विचारलं की 'माहीत नाही' हे ठरलेलं उत्तर.

म्हणून भावना आणि मैत्री या विषयांवरची चित्रपुस्तकं आणायला लागले. पण हाती लागलेली बरीचशी एकाच साच्यातून काढलेली. दुसऱ्या पानावर अस्वलाचं पिल्लू रागावतं, पाचव्या पानावर दीर्घ श्वास घेतं आणि शेवटच्या पानावर सगळ्यांना मिठी मारतं. लेकीने एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे अस्वल खोटं खोटं रागावलंय." पुस्तकाला पुन्हा हात लावला नाही.

तर मुलांनी स्वतःहून पुन्हा पुन्हा मागितलेली पुस्तकं सांगा. वय तीन ते सहा. आणि ती वाचता कशी, तेही लिहा. नुसती यादी नको, याद्या जालावर पोत्याने आहेत.

चिमणचारा

वाचतेय. माझा तीन वर्षांचा आहे आणि राग आला की चावतो. त्याच्यासाठी काही असेल तर तेही येऊ द्या.

कागदी_होडी

पानगळ, तुमच्या लेकीला समीक्षक म्हणून नेमायला हवं. अगदी नेमकं बोलली.

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतो, त्यामुळे माझं बोलणं चित्रांकडे झुकणार, हे आधीच सांगतो. खऱ्या रागाचं पुस्तक म्हटलं की मी अजूनही मॉरिस सेंडाक यांच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'कडेच जातो. १९६३ चं पुस्तक, इंग्रजी मजकूर जेमतेम ३३८ शब्दांचा. लांडग्याचा पोशाख घातलेला मॅक्स घरभर दंगा करतो, आई ओरडते, तो उलट बोलतो आणि त्याला न जेवता खोलीत पाठवलं जातं. खोलीत जंगल उगवतं, तो होडीतून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या बेटावर जातो, त्यांचा राजा होतो, यथेच्छ धिंगाणा घालतो आणि मग घरची आठवण येऊन परततो.

आता पुस्तक हातात घेऊन फक्त चित्रांचे आकार बघा. पहिलं चित्र लहान, भोवती भरपूर पांढरी जागा. मॅक्सचा राग वाढतो तसं चित्र वाढत जातं. खोलीत जंगल पुरतं माजेपर्यंत ते अख्खं पान व्यापतं, मग समोरच्या पानावर सांडतं आणि धिंगाण्याच्या वेळी सलग तीन जोडपानं फक्त चित्रं, एकही शब्द नाही. राग शिगेला असताना मुलाकडे शब्द नसतातच, ते पुस्तकाने असं दाखवलंय. तो घरी येतो तेव्हा जेवण वाट बघत असतं. अगदी शेवटच्या पानावर चित्रच नाही, जेवण अजून गरम होतं एवढंच वाक्य. आई पुस्तकभर कुठेही दिसत नाही. 'सॉरी म्हण' नाही, मिठी नाही, उपदेश नाही. पण आईचा राग गेला हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं.

त्या काळी या पुस्तकाने मोठी माणसंच घाबरली होती. ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारख्या नावाजलेल्या मानसतज्ज्ञाने १९६९ मध्ये एका मासिकातल्या सदरात त्यावर टीका केली, तीही पुस्तक स्वतः न वाचता! १९६४ चं कॅल्डेकॉट पदक (अमेरिकेत चित्रपुस्तकाच्या चित्रांसाठी दिलं जाणारं) मात्र पुस्तकाला आधीच मिळून गेलं होतं.

दुसरं पुस्तक मॉली बँग यांचं 'व्हेन सोफी गेट्स अँग्री', १९९९ चं. बहीण हातातलं खेळणं ओढून घेते, सोफी पडते आणि पेटते. रागाच्या पानांवर लाल-केशरी भडका. मग ती धावत सुटते, रडते, एका जुन्या झाडावर चढते, समोर समुद्र दिसतो आणि पानं हळूहळू निळी-हिरवी होत जातात. शांत झाली की उतरून घरी येते. बस. तिला कोणी समजावत नाही. चिमणचारा, तुमच्या चावऱ्यासाठी हे चालेल. वाचू नका, रंग दाखवत नुसती पानं उलटा.

वाकडी_वाट

सगळं ठीक आहे, पण एक विचारू? आमच्या लहानपणी यातलं एकही पुस्तक नव्हतं. भांडलो, मारामाऱ्या केल्या, संध्याकाळी परत एकत्र खेळलो. मैत्री पुस्तकातून शिकवायची वेळ यावी, म्हणजे मुलांना पुरेसं खेळायला मिळत नाहीये. आधी मैदानावर सोडा, पुस्तकं नंतर.

पानगळ

वाकडी_वाट, मैदानावर सोडते हो. तिथूनच तर कट्टी करून येते!

खडू_फळा

वाकडी_वाट यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. खेळाला पर्याय नाही. पण मैदानावर जे घडतं ते फार वेगात घडतं. ढकललं, रडलं, पळालं, संपलं. पुस्तकात तोच प्रसंग थांबवता येतो, मागचं पान उघडून पुन्हा बघता येतो आणि मुख्य म्हणजे तो राग दुसऱ्या कोणाचा तरी असतो. स्वतःच्या रागाबद्दल 'माहीत नाही' म्हणणारं मूल मॅक्सच्या रागावर पाच मिनिटं बोलतं. माझ्या वर्गात हे नेहमीच दिसतं.

पानगळ, 'वाचता कशी' हे तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपण मोठी माणसं पानागणिक समजावून सांगतो : "बघ, त्याला वाईट वाटलं ना? म्हणून असं करायचं नसतं." मूल मान डोलावतं आणि मनाने कधीच उठून गेलेलं असतं. सीलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांचा २०१३ मधला एक अभ्यास मला याच कारणासाठी लक्षात राहिलाय. दीड आणि दोन वर्षांच्या मुलांना आईवडील चित्रपुस्तकं कशी वाचून दाखवतात ते त्यांनी पाहिलं. मग ती मुलं दुसऱ्याला मदत करतात का, आपल्यातलं देतात का, हेही पाहिलं. ज्या घरात मुलालाच 'याला काय वाटतंय? का बरं?' असं विचारलं जायचं, तिथली मुलं अधिक चटकन मदत करत होती. आईवडील स्वतः भावनांबद्दल किती बोलले, याने तसा फरक दिसला नाही. यावरून 'विचारलं म्हणून मुलं मदत करू लागली' असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी विचारण्यात आणि सांगण्यात अंतर आहे एवढं खरं.

पण विचारायचं म्हणजे तोंडी परीक्षा घ्यायची नाही. पानाला एक प्रश्न झाला तरी पुष्कळ, काही पानांना तोही नको. "हा राग आहे की दुःख?" असा दोन पर्यायांचा प्रश्न मी टाळते, कारण मूल आपला चेहरा वाचून उत्तर देतं. "आता हा काय करेल?" विचारून पान उलटायच्या आधी थांबते. उत्तर 'तो त्याला चावेल' आलं तरी चालतं. "मग काय होईल?" एवढंच.

आणि एक अनुभवाचं. मूल भोकाड पसरून बसलेलं असताना पुस्तक काढू नका. त्या वेळी त्याला जवळ माणूस हवा असतो. पुस्तक दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं आणि डोकं थंड असताना.

चिमणचारा

+१. शेवटच्या परिच्छेदासाठी खास धन्यवाद. मी नेमकं उलट करत बसले असते.

आजोबा_हजर

खडूताईंनी म्हटलंय की त्या वेळी माणूस हवा. त्यावरच एक सुंदर पुस्तक नातवामुळे वाचनात आलं. कोरी डोअरफेल्ड यांचं 'द रॅबिट लिसन्ड', २०१८ चं. टेलर नावाचं मूल ठोकळ्यांचं काहीतरी भव्य बांधतं आणि पक्ष्यांचा थवा ते पाडून जातो. मग एकेक प्राणी मदतीला येतो. कोंबडीला त्यावर बोलायचंय. अस्वल म्हणतं, ओरडून घे. हत्तीला ते होतं तसं जोडून द्यायचंय. तरसाला हसण्यावारी न्यायचंय. साप सुचवतो, चल दुसऱ्या कोणाचं तरी पाडू! टेलरला यातलं काहीच नको असतं, म्हणून सगळे निघून जातात. मग ससा येतो. काही बोलत नाही, हळूहळू सरकत इतका जवळ येऊन बसतो की त्याची ऊब लागते. मग टेलर स्वतःच बोलायला लागतं, ओरडतं, हसतं, सूड घ्यायचे बेतही करतं. म्हणजे त्या सगळ्या प्राण्यांचे उपाय येतात, पण टेलरला हवे तेव्हा.

आमच्या घरात आता हे प्राणी बोलीभाषेत उतरलेत. परवा चिरंजीव मुलाला पडलेल्या गाडीबद्दल समजावत होते, तर नातू म्हणाला, "बाबा, तू कोंबडी आहेस." मी लगेच ससा होऊन बसलो. त्यात माझा काही मोठेपणा नाही, गुडघ्यांमुळे बसूनच असतो.

निळा_डोंगर

आजोबा, शेवटचं वाक्य फारच भारी.

जरा वेगळा मुद्दा मांडतो. वर ससा, अस्वल, हत्ती सगळे आले. प्राण्यांच्या गोष्टीतून मुलं खरंच काही घेतात का? टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याविषयीची एकच गोष्ट दोन प्रकारे वाचून दाखवली. एकात प्राणी, दुसऱ्यात तशीच माणसं. वाचनाच्या आधी आणि नंतर मुलं दुसऱ्यासाठी किती स्टिकर देतात ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी नंतर जास्त दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांनी चक्क कमी. मग हे कपडे घातलेले ससे नेमके कोणासाठी आहेत?

कागदी_होडी

निळा_डोंगर, अभ्यास चांगला आहे, पण त्यात मोजलं काय ते बघा. गोष्ट संपल्या संपल्या किती स्टिकर दिले, एवढंच. म्हणजे पुस्तकाकडून 'शिकवण' हवी असेल तर माणसं घ्या, असा निष्कर्ष निघेल फार तर. पण या धाग्याची सुरुवातच शिकवणीला कंटाळलेल्या मुलीपासून झालीय.

अरनॉल्ड लोबेल यांची बेडूक आणि भेक (म्हणजे टोड, बेडकाचाच खरखरीत कातडीचा भाऊबंद) ही जोडी घ्या. 'फ्रॉग अँड टोड आर फ्रेंड्स', १९७० चं पुस्तक. त्यातली शेवटची गोष्ट पत्राची. भेक रोज पत्राची वाट बघत दारात उदास बसतो, त्याला कधीच कोणाचं पत्र येत नाही. बेडूक घरी जाऊन त्याला पत्र लिहितो आणि पोचवायला देतो ते एका गोगलगायीकडे! मग मित्राकडे येऊन खिडकीतून डोकावत बसतो. पत्र काही येत नाही. शेवटी न राहवून सांगून टाकतो की मीच पाठवलंय आणि त्यात काय लिहिलंय तेही. आता पत्रात काय आहे ते दोघांना माहीत आहे. तरी दोघं दारात शेजारी शेजारी बसून त्याची वाट बघतात, आणि तेही खुशीत. गोगलगाय पोचते चार दिवसांनी.

यात 'मित्राला मदत करावी' हे वाक्य कुठे आहे? गोगलगाईचं नाव येताच पोरं खिदळतात, कारण बेडकाला जे कळलं नाही ते त्यांना कळलेलं असतं. आणि माणसांची जोडी असती तर एकाला वय द्यावं लागलं असतं, घर द्यावं लागलं असतं, तो मुलगा की मुलगी ते ठरवावं लागलं असतं. बेडकाला यातलं काही लागत नाही. कोणतंही मूल त्याच्या जागी बसतं.

निळा_डोंगर

पटलं. अर्धं. चांगल्या लेखकाच्या हातात प्राणी चालतात, एवढं मान्य करतो. बाजारातले नव्वद टक्के ससे अजूनही नापास.

खडू_फळा

प्राणीही नको आणि माणसंही नको असतील तर आणखी एक आहे. लिओ लिओनी यांचं 'लिटल ब्लू अँड लिटल यलो', १९५९. रेल्वेच्या प्रवासात नातवंडं कंटाळली म्हणून त्यांनी मासिकाचं पान फाडून रंगीत तुकड्यांची गोष्ट रचली, तिचं हे पुस्तक झालं. पात्रं म्हणजे रंगीत कागदाचे कपटे. डोळे नाहीत, तोंड नाही. छोटा निळा आणि छोटा पिवळा हे जिवलग मित्र. निळा मित्राला शोधत फिरतो, सापडल्यावर दोघं कडकडून मिठी मारतात आणि हिरवे होतात. घरी गेल्यावर आईबाबा म्हणतात, हा आमचा नाही! दोघं रडतात ते निळे-पिवळे अश्रू होऊन, आणि त्यातून पुन्हा आपापल्या रंगात येतात.

चेहरा नसलेल्या कपट्याला दुःख झालंय हे तीन वर्षांचं मूल कशावरून ओळखतं? पानावरच्या जागेवरून. कपटा कोपऱ्यात एकटा आहे की घोळक्यात, यावरून. आमच्या वर्गात वाचून झालं की मी रंगीत कागद आणि डिंक पुढे ठेवते, सूचना काही देत नाही. एका मुलाने एकदा मोठा काळा तुकडा आणि त्याच्यापासून लांब, पानाच्या अगदी कडेला, एक टिकलीएवढा लाल तुकडा चिकटवला. "हा मी, हा दादा." जे सांगायचं होतं ते त्या जागेत आलं होतं.

चिमणचारा, तिसऱ्या वर्षी मैत्रीची फार अपेक्षा ठेवू नका. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्येच नोंदवलंय की लहान मुलं बराच काळ एकमेकांशी न खेळता एकमेकांच्या शेजारी खेळतात. त्या वयात मैत्रीच्या गोष्टींपेक्षा आई परत येण्याच्या गोष्टी जास्त लागू पडतात. 'आउल बेबीज' बघा, मार्टिन वॉडेल यांचं. रात्री जाग आलेली तीन घुबडाची पिल्लं, आई घरट्यात नाही. मोठी दोघं तर्क लढवतात आणि धाकटा बिल प्रत्येक वेळी एकच म्हणतो, मला आई हवी. दुसऱ्या वाचनापासून ते वाक्य मुलं म्हणतात, आपण गप्प बसायचं.

रानवारा

भावनांचे रंग, बरण्या वगैरे असलेलं ते प्रसिद्ध 'कलर मॉन्स्टर' कोणी वाचलंय का? सगळीकडे तेच सुचवतात.

कागदी_होडी

वाचलंय. आना येनास यांचं, मूळ स्पॅनिश, २०१२ चं. सगळ्या भावनांचा गुंता झालेल्या राक्षसाला एक मुलगी रंगांप्रमाणे त्या वेगळ्या करून बरण्यांत भरायला मदत करते. चित्रं देखणी, मुलांना आवडतं. माझी कुरकुर एवढीच की भावना अशा बरणीत राहत नाहीत. मैत्रिणीच्या नव्या सायकलचा आनंद आणि हेवा एकाच वेळी होतो, त्याला कोणती बरणी? शेवटचं पान मात्र ही कुरकुर थोडी कमी करतं, ते सांगत नाही.

पानगळ

अरे वा, दोन दिवस इकडे फिरकले नाही तर धागा कुठल्या कुठे गेला. सगळ्यांचे आभार!

वाचनालयात बेडकाचं पुस्तक मिळालं. पत्राची गोष्ट वाचताना गोगलगाय आली आणि लेक उठून उभीच राहिली, "अगं तिला देऊ नको ना!" राग, रुसवा यातलं मी काही विचारलं नाही. रात्री झोपताना आपणहून म्हणाली, "मला पण तिचं पत्र येत नाही." तिचं म्हणजे कट्टीवाल्या मैत्रिणीचं. पुढे काय बोलावं ते सुचेना, म्हणून ससा झाले.

आता प्रश्न. एकट्या पडलेल्या मुलांवर काही आहे का? तिच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला कोणीच खेळायला घेत नाही. ही पण घेत नाही.

सांजसावली

ट्रुडी लुडविग यांचं 'द इन्व्हिजिबल बॉय', २०१३. ब्रायनला खेळात कोणी घेत नाही, वाढदिवसाला कोणी बोलवत नाही. चित्रांत बाकी सगळे रंगीत आणि तो एकटा राखाडी पेन्सिलीतला. वर्गात नवा मुलगा येतो, इतर त्याला हसतात, ब्रायन त्याला चिठ्ठी पाठवतो. तिथून ब्रायनमध्ये रंग भरायला लागतो, एकदम नाही, पानागणिक थोडा थोडा. पहिल्या वाचनात मुलांना रंगाचं लक्षात येईलच असं नाही. सांगू नका. एखाद्या दिवशी त्यांना सापडतं आणि मग पुस्तक उलटं-सुलटं चाळलं जातं.

जॅकलिन वुडसन यांचं 'ईच काइंडनेस' पण आहे, २०१२ चं. नव्या मुलीला कोणी जवळ करत नाही. नंतर एकीला पश्चात्ताप होतो, पण तोवर ती मुलगी शाळा सोडून गेलेली असते. परत भेट नाहीच. सहाच्या आत मी देणार नाही.

वाकडी_वाट

मी देईन. सगळ्या गोष्टी गोड करून द्यायच्या हाच तर मूळ रोग आहे. चूक केली आणि दुरुस्त करायची संधी गेली, असं खऱ्या आयुष्यात होतंच की.

सांजसावली

होतं. पण चार वर्षांच्या मुलाला 'संधी गेली' याचा अर्थ अजून लागत नाही, त्याला फक्त 'मी वाईट आहे' एवढंच कळतं. म्हणून वय म्हटलं.

रानवारा

ही सगळी इंग्रजी नावं. इंग्रजी न येणाऱ्या आजीने काय वाचावं?

खडू_फळा

रानवारा, चित्रपुस्तक असल्यामुळे सोय आहे. आपण आधी वाचून घ्यायचं आणि गोष्ट आपल्या भाषेत सांगायची. शब्दाला शब्द लावत बसू नका. किंवा बिनशब्दांचंच घ्या. ख्रिस राश्का यांचं 'अ बॉल फॉर डेझी', २०११. डेझी नावाच्या कुत्रीचा लाडका लाल चेंडू दुसरा कुत्रा खेळताना फोडतो. पुढची कितीतरी चित्रं ती सोफ्यावर नुसती पडून आहे, आणि प्रत्येक चित्रात अंगाचा आकार थोडा वेगळा. पुढे दुसऱ्या कुत्र्याकडून तिला निळा चेंडू मिळतो. आजी वाचेल तेव्हा गोष्ट आजीची होईल, मूल वाचेल तेव्हा मुलाची. शिवाय प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ आहेच, २०१५ पासून. मराठीसकट पुष्कळ भाषांतली चित्रपुस्तकं तिथे फुकट वाचता येतात. दर्जा सगळीकडे सारखा नाही, निवडून घ्या.

चिमणचारा

सोफीचं पुस्तक आणलं. चावणं थांबलेलं नाही, पण आता लाल पान उघडून मला दाखवतो आणि मग चावतो. याला प्रगती म्हणायचं का?

आजोबा_हजर

म्हणायचं तर! पूर्वसूचना मिळाली की पळायला वेळ मिळतो.

निळा_डोंगर

एक राहिलंच. आमचा लेक गेले कित्येक आठवडे रोज तेच एक पुस्तक मागतो, दुसरं काढलं की लोळण घेतो. बदलावं का?

खडू_फळा

मुळीच नका. त्यात त्याला अजून काहीतरी बघायचंय, ते झालं की आपोआप सोडेल. तुम्हाला कंटाळा आला असेल तर वाचायची पाळी दुसऱ्या कोणाकडे द्या, पुस्तक तेच राहू द्या. एखादं पान गाळून मात्र बघू नका, पकडले जाल.